वाऱ्याची जागा आणि जागेचे धनी

वाऱ्यापासून वीज काढण्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात यंत्राची स्तुती फार असते. पाते किती लांब, मनोरा किती उंच, वीज किती निघते! यंत्र थोर आहे यात शंका नाही. पण मंडळी, यंत्र कारखान्यात तयार होते आणि पैसे टाकले की मिळते. जागा कारखान्यात तयार होत नाही. वारा वाहतो तो कुणाच्या तरी शेतावरून, कुठल्या तरी गावच्या गायरानावरून, नाहीतर कुणाच्या तरी खिडकीसमोरच्या समुद्रावरून. तेथे मनोरा उभा करायचा म्हणजे त्या माणसांशी काहीतरी ठरवावे लागते. काय ठरले, कोणी ठरवले, आणि वीज विकून आलेला पैसा कोणाच्या घरी गेला, हा इतिहास मला यंत्राच्या इतिहासाहून महत्त्वाचा वाटतो. कामगारांच्या चळवळीत हयात गेलेल्या माणसाला तसे वाटणारच, असे कोणी म्हणेल तर म्हणो. हा इतिहास सर्वांत स्वच्छ दिसतो तो डेन्मार्क या देशात, म्हणून आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

प्रथम जागेला एवढे मोल का, हे सांगितले पाहिजे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही. ती आठपट होते. सेकंदाला सहा मीटर वेगाचा वारा आणि सात मीटर वेगाचा वारा यांत अंगाला फरक जाणवणारही नाही, पण शक्तीचा हिशेब केला तर दुसरी पहिलीच्या दीडपटीहूनही थोडी अधिक भरते. म्हणून एका टेकडीवरचा मनोरा कर्ज फेडतो आणि शेजारच्या खोलगट शेतातला बुडवतो. झाडांची एक रांग, एखादे गोदाम, गावची वस्ती, ही सगळी वाऱ्याचा वेग खातात. एक मनोरा दुसऱ्याच्या पाठीशी फार जवळ उभा केला तर पुढचा मागच्याचा वारा अडवतो. डेन्मार्कमधील रिसो येथील शास्त्रज्ञांनी यावर फार चिकाटीने काम केले. एका ठिकाणी मोजलेल्या वाऱ्यातून तेथल्या झाडाझुडपांचा, घरांचा, चढउतारांचा परिणाम हिशेबाने वजा करायचा आणि मग दुसऱ्या जागेचा परिणाम त्यात मिळवायचा, अशी त्यांची रीत. त्या रीतीने त्यांनी आधी आपल्या देशाचा आणि १९८९ साली युरोपचा वाऱ्याचा नकाशा सिद्ध केला. तीच रीत पुढे जगभर वापरली गेली.

आता मूळ कथेकडे वळतो. डेन्मार्क हा सपाट, समुद्राने वेढलेला, कोळसा नसलेला देश. तेथे आस्कोव्ह नावाच्या खेड्यात एक लोकविद्यालय होते. ही लोकविद्यालये ग्रुंटव्हिग या धर्मोपदेशकाच्या विचारातून निघाली. शेतकऱ्यांची तरुण मुले हिवाळ्यात तेथे येऊन राहत, व्याख्याने ऐकत, गाणी म्हणत, आणि परीक्षा न देता घरी जात. परीक्षेवाचून शिकलेल्या माझ्यासारख्याला त्या शाळांचा हेवा वाटतो. १८७८ साली पोल ला कूर नावाचा एक हवामानशास्त्रज्ञ राजधानीतली चांगली नोकरी सोडून आस्कोव्हला शिक्षक म्हणून आला. वीज तेव्हा शहरातच होती आणि शहरातच राहणार अशी लक्षणे होती. खेड्यात दिवा नाही, यंत्र नाही. मग खेड्यातले पोर शहरात जाऊन गिरणीत मजूर होणार. ते थांबवायचे तर वीज खेड्यातच निघाली पाहिजे, आणि खेड्यात फुकट मिळणारी शक्ती म्हणजे वारा, असा ला कूरचा साधा विचार होता.

१८९१ साली त्याने सरकारी मदतीने प्रयोगाची पवनचक्की उभारली. वारा पडला की वीज बंद, ही अडचण होतीच. त्यावर त्याने काढलेली तोड ऐकून आजचे इंजिनिअरही चकित होतील. विजेने पाण्याचे पृथक्करण करून त्याने प्राणवायू आणि हायड्रोजन वेगळे साठवले आणि त्या वायूंवर १८९५ ते १९०२ अशी सात वर्षे शाळेचे दिवे जाळले. मधूनमधून हायड्रोजनमध्ये प्राणवायू मिसळून स्फोट होई आणि शाळेच्या काचा फुटत. त्या पुन्हा बसवल्या जात आणि प्रयोग पुढे चाले. जुन्या चक्कीची रुंद आणि पुष्कळ पाती विजेच्या कामाला योग्य नाहीत, थोडी आणि वेगाने फिरणारी पातीच हवीत, हेही त्याने झोत सोडून, मोजून ठरवले.

पण माझ्या मते ला कूरचे मोठे काम दुसरेच आहे. १९०४ साली त्याने खेड्यांतल्या मुलांसाठी विजेच्या कामाचे वर्ग सुरू केले. चक्की कशी बसवावी, तारा कशा ओढाव्यात, जनित्र बिघडले तर काय करावे, हे शिकून ती मुले गावोगाव गेली. पहिले महायुद्ध आले, तेल मिळेनासे झाले, आणि १९१८ साली पाहावे तो देशातल्या सुमारे १२० गावठी वीजकेंद्रांत पवनचक्क्या फिरत होत्या. एकेकीची शक्ती २० ते ३५ किलोवॅट. देशाच्या विजेचा सुमारे तीन टक्के भाग त्यांतून निघे. तीन टक्के हा आकडा लहान वाटेल, परंतु तो कोणत्याही बड्या कंपनीने काढलेला नव्हता.

१९०४ च्या त्या वर्गात योहानेस यूल नावाचा एक सतरा वर्षांचा मुलगा होता. पुढे तो एका वीज कंपनीत कामाला लागला आणि साठीच्या उंबरठ्यावर असताना त्याला जुना ध्यास पुन्हा लागला. लहानलहान चक्क्यांवर प्रयोग करीत १९५७ साली त्याने देशाच्या दक्षिण टोकाला गेडसर येथे २०० किलोवॅटची चक्की चालू केली. पाती तीन, घेर २४ मीटर, आणि वारा पिसाटला तर पात्यांची टोके आपोआप आडवी वळून चाक रोखणार. पैसा मार्शल मदतीतून आला होता. गेडसरची जागाही पाहण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंना समुद्र आणि मध्ये सपाट जिभेसारखी जमीन. ही चक्की दहा वर्षे फारशी कुरकुर न करता चालली. १९६७ साली ती बंद झाली, कारण तेल इतके स्वस्त झाले होते की वाऱ्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. यूल १९६९ साली वारला. चार वर्षे आणखी जगता तर त्याने मौज पाहिली असती.

कारण १९७३ साली तेलाचे भाव भडकले. डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा परदेशी तेलावर होती. सरकारने आणि वीज कंपन्यांनी अणुवीज केंद्रांचा बेत पुढे आणला. त्याला विरोध करणारी संघटना १९७४ साली उभी राहिली आणि घरोघर गेली. पण नुसता 'नको' म्हणणारा माणूस फार काळ टिकत नाही, हे संपावर गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे; 'मग काय हवे' याचे उत्तर खिशात असावे लागते. ते उत्तर कारागिरांनी दिले. क्रिस्तियन रीसागर नावाच्या एका सुताराने मालमोटारीचे भाग वापरून, यूलच्या चक्कीचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून, २२ किलोवॅटची चक्की बनवली आणि सार्वजनिक तारांना जोडली. त्विन्ड येथील एका शाळेतल्या शिक्षकांनी आपले पगार एकत्र करून, शेकडो स्वयंसेवकांच्या हातांनी १९७८ साली २ मेगावॅटची, ५४ मीटर घेराची चक्की उभी केली. पाती ओतण्याचा तेथला अनुभव कोणी कुलपात ठेवला नाही. (त्या शाळाचळवळीच्या पुढाऱ्यांचे नाव पुढे पैशांच्या गैरव्यवहारात गाजले, हेही सांगितले पाहिजे. चक्की मात्र त्यात दोषी नव्हती.) हर्बोर्गचा लोहार कार्ल एरिक यॉर्गेन्सन आणि हेन्रिक स्टीसडाल नावाचा तरुण या दोघांनी बनवलेला नमुना १९७९ साली व्हेस्टास या शेतीअवजारांच्या कारखान्याने घेतला. त्याच सुमारास जर्मनीत मोठमोठ्या संस्थांनी १०० मीटर घेराची 'ग्रोव्हिआन' ही प्रचंड चक्की आखली. ती १९८३ साली उभी राहिली, थोडे तास फिरली, आणि काही वर्षांतच मोडून टाकावी लागली.

यंत्र झाले, आता जागेचा प्रश्न आला. एवढी चक्की एकट्या शेतकऱ्याला झेपत नसे. म्हणून शेजारी एकत्र आले, आणि त्यासाठी त्यांना नवे काही शोधावे लागले नाही. १८८२ साली येडिंग या खेड्यात त्यांच्या पणजोबांनी पहिली सहकारी दुग्धशाळा काढली होती आणि तेथे मत माणशी एक होते, गाईमागे एक नव्हते. प्रवरानगरचा साखर कारखाना ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. चक्कीच्या या मंडळ्यांना त्यांनी जुन्या कारागिरांच्या श्रेणीचा 'लाउ' हा शब्द दिला. एक शेतकरी जागा देई, तीस-चाळीस कुटुंबे भाग घेत, आणि भाग मोजला जाई तो विजेत. एका भागाला वर्षाला अमुक इतके युनिट, असा हिशेब.

कायद्याने मात्र या मंडळ्या सहकारी संस्था नव्हत्या. करातील सवलतीसाठी त्या साध्या भागीदाऱ्या होत्या, आणि भागीदारीत एकाचे कर्ज सर्वांच्या मानगुटीवर बसते. त्यावर त्यांनी केलेली युक्ती मला फार आवडते: मंडळीने स्वतःच्या नावावर कर्ज काढायचेच नाही, असे नियमातच लिहून टाकले. ज्याला कर्ज काढायचे त्याने आपल्या भागापुरते आपल्या बँकेकडून काढावे. मी ताळेबंद वाचायला युनियनच्या कचेरीत शिकलो. कारखाने बुडतात ते बहुधा कुठल्या पानावर, हे थोडेफार कळू लागल्यापासून असल्या साध्या कलमांविषयी मला आदर वाटतो.

सरकारने १९७९ पासून चक्कीच्या किमतीचा ३० टक्के वाटा देऊ केला, पण रिसोच्या तपासणीत उतरलेल्या चक्कीलाच. आणि भागीदाराला अट घातली: तो चक्कीच्या जवळ राहणारा असला पाहिजे. सुरुवातीला हे अंतर तीन किलोमीटर होते! पुढे ते हळूहळू सैल केले गेले. शिवाय आपल्या घरच्या विजेच्या मानाने ठराविक मर्यादेपर्यंतच भाग घेता येत. ह्या दोन अटींनी काय साधले, याचा विचार करा. चक्कीचा आवाज ज्याच्या कानावर येतो, सावली ज्याच्या अंगणात पडते, तोच मालक. मग जागा कोठे निवडावी हे त्याला इंजिनिअरने शिकवावे लागत नाही. स्वतःच्या झोपण्याच्या खोलीशेजारी मनोरा कोण उभारील? वादळात बेफाम सुटलेल्या चक्क्या लोकांनी पाहिल्या तेव्हा, प्रत्येक चक्कीला दुहेरी रोध हवा, ही मागणी लावून धरली ती चक्कीमालकांच्या संघटनेने. १९७८ साली निघालेली ही संघटना आपल्या मासिकात चक्क्यांनी महिनाभरात किती वीज दिली ते आकडे छापी. कोणत्या कारखान्याचा माल खरा आणि कोणाचा खोटा, हे खेड्यातला न्हावीसुद्धा सांगू शके. शतकाच्या अखेरीस लाखाहून अधिक कुटुंबांचे चक्क्यांत भाग होते, आणि १९८५ साली संसदेने अणुविजेचा बेत कायमचा बाजूला ठेवला होता.

वीज कंपन्यांनी हे सुखाने होऊ दिले असे मात्र नाही. तार जोडण्याचा खर्च कोणी सोसायचा आणि युनिटला भाव काय द्यायचा यावर वर्षानुवर्षे ताणाताणी झाली. अखेर १९९२ च्या कायद्याने ठरले की ग्राहकाच्या दराच्या ८५ टक्के भाव चक्कीवाल्याला मिळावा.

ह्याच यंत्रांचे दुसऱ्या देशात काय झाले, हे येथे थोडक्यात पाहू, म्हणजे जवळ राहण्याच्या अटीची किंमत कळेल. कॅलिफोर्नियात १९८०च्या दशकाच्या आरंभी केंद्राच्या आणि राज्याच्या करसवलती मिळून गुंतवणुकीच्या निम्म्याच्या आसपास रक्कम परत मिळे. सवलत चक्की उभारल्याबद्दल होती, वीज काढल्याबद्दल नव्हती. मग शहरातले डॉक्टर-वकील पैसे घालू लागले आणि अल्टामाँट खिंडीत हजारो चक्क्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या. पुष्कळ मोडल्या. ती खिंड सोनेरी गरुडांच्या शिकारीची जागा आहे, हे आधी कोणी पाहिले नाही. पक्षी पात्यांत सापडून मरू लागले तेव्हा कळले. डेन्मार्कच्या जड, मजबूत चक्क्या टिकल्या म्हणून त्यांना मागणी आली. १९८५ संपता संपता सवलत संपली आणि पुढच्याच वर्षी व्हेस्टास दिवाळखोरीत गेली. तिची पुन्हा घडी बसवावी लागली, आणि मधल्या काळात कामावरून कमी झालेल्यांना कॅलिफोर्निया कोठे आहे हेही ठाऊक नसेल.

आपला संबंध येथेच येतो. भारतातील पहिल्या पवनविद्युत केंद्रांपैकी एक १९८६ साली रत्नागिरीच्या किनाऱ्यावर झाले, आणि तेथली ५५ किलोवॅटची यंत्रे व्हेस्टासचीच होती. लोहाराच्या भात्यापासून निघालेले ते यंत्र असे कोकणात आले. तीन किलोमीटरची अट मात्र बोटीतून उतरली नाही. आपल्याकडे उत्तेजन मिळाले ते घसाऱ्याच्या रूपाने. २००२ पर्यंत चक्कीची संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा करता येई, नंतर ८० टक्के, आणि २०१७ पासून ४० टक्के. साताऱ्याकडे चाळकेवाडी, वनकुसवडे येथील पठारांवर ज्या चक्क्यांच्या रांगा आपण पाहतो त्या या काळातल्या. पद्धत अशी की यंत्र करणारी कंपनीच वारा मोजते, जमीन मिळवते, रस्ता काढते, तार ओढते, आणि एकेक चक्की एकेका गिऱ्हाइकाला विकते. गिऱ्हाइकाला कर वाचवायचा असतो. त्याने पठार पाहिलेले असतेच असे नाही. याने वीज निर्माण झाली, हे मी नाकारीत नाही, आणि पठारावरच्या शेतकऱ्याला जमिनीचे पैसे कधीच मिळाले नाहीत असेही म्हणत नाही. पण दरमहा किती युनिट निघाले हे मासिकात वाचण्याचे कारण त्याला उरले नाही.

परत डेन्मार्ककडे जाऊ, कारण तेथला सर्वांत मोठा प्रयोग सांगायचा राहिला आहे. जगातले पहिले समुद्रातले पवनकेंद्र १९९१ साली त्यांनीच व्हिन्डेबीला उभारले होते. ११ चक्क्यांचे, लहानसे. पुढे कोपनहेगनच्या काही नागरिकांनी ठरवले की राजधानीच्या वेशीवर, मिडलग्रुन्डन या उथळ रेताडावर लोकांच्या मालकीची केंद्ररचना करायची. जागा निवडली ती पाहा: शतकानुशतके बंदरातला गाळ आणि घाण टाकण्याचे ते ठिकाण. कोणाचे मासेमारीचे मोठे नुकसान नाही, पाणी तीन ते पाच मीटर, आणि वीज वापरणारे शहर समोर. पहिल्या आराखड्यात २७ चक्क्या तीन रांगांत होत्या. तो लोकांपुढे ठेवला गेला आणि लोकांनी तो नाकारला. जुन्या शहराच्या तोंडावर हे जंगल नको, असे म्हणणे पडले. मग शहराच्या जुन्या तटबंदीच्या वळणाशी जुळेल अशी २० चक्क्यांची एकच धनुष्याकृती ओळ आखली गेली. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही ओळ आदर्श नव्हे. चक्क्यांत अंतर अवघे १८० मीटरच्या आसपास, म्हणजे घेराच्या अडीचपटीहूनही कमी. वारा ओळीच्या दिशेने वाहिला की एक दुसरीचा वारा खाते. थोडी वीज सोडून त्यांनी शेजाऱ्यांची संमती घेतली. ह्या सौद्याला तोट्याचा म्हणणारा माणूस कधी वाटाघाटीला बसलेला नसावा.

पाया ओतण्याचे काम शहरातल्या बर्माइस्टर अँड वाइन या जुन्या जहाजकारखान्याच्या कोरड्या गोदीत झाले. तो कारखाना १९९६ साली बुडाला होता. जेथे जहाजे बांधली जात तेथे सुमारे अठराशे टनांचा एकेक पाया तयार होऊन समुद्रात नेला गेला. २००० सालच्या अखेरीस चक्क्या फिरू लागल्या. एकंदर ४० मेगावॅट. दहा चक्क्या शहराच्या वीजसंस्थेच्या, आणि दहा नागरिकांच्या मंडळीच्या. मंडळीचे ४०,५०० भाग होते. एका भागाची किंमत ४,२५० क्रोनर आणि त्यामागे वर्षाला अंदाजे हजार युनिट. साडेआठ हजारांहून अधिक माणसांनी ते घेतले. भाग कितीही असोत, सभेत मत एकच.

आणि तरीही हा क्रम तेथेच थांबला. त्याच सुमारास जवळ राहण्याची अट कायद्यातून काढून टाकण्यात आली होती. २००१ साली सरकार बदलले, ठरलेला भाव गेला, लहान जुन्या चक्क्या काढून त्यांच्या जागी थोड्या पण प्रचंड चक्क्या आल्या. त्यांची किंमत खेड्यातल्या चाळीस कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची. विकासक कंपन्या शेतकऱ्याकडून जागा घेऊ लागल्या. ज्या खेड्यांनी वीस वर्षांपूर्वी स्वतः चक्क्या उभारल्या तेथेच आता विरोधाच्या सभा भरू लागल्या. शहरातल्या शहाण्यांनी त्यांना स्वार्थी म्हटले. वारा तोच, जात तीच, फक्त मालक निराळा, हे म्हणायला फारसे कोणी पुढे आले नाही.

२००९ साली सरकारला हे उमगले. नव्या कायद्याने प्रत्येक विकासकावर बंधन आले की नव्या प्रकल्पाचे निदान २० टक्के भाग साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना देऊ करावेत, आणि मनोऱ्यामुळे घराची किंमत उतरली तर भरपाई द्यावी. पण भाग देऊ करणे आणि मंडळी उभी करणे यांत फरक आहे. जागा, यंत्र, कर्ज सारे कंपनीने ठरवून झाल्यावर शेजाऱ्याच्या हाती माहितीपत्रक येई. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी भाग घेतले, इतरांनी मनोरे पाहिले. २०२० साली ते कलमही रद्द झाले. देशाची अर्ध्याहून अधिक वीज आता वाऱ्यापासून निघते, आणि मनोऱ्याच्या उंचीच्या आठपट अंतराच्या आत ज्यांचे घर आहे त्यांना दरवर्षी रोख रक्कम पोचती होते. त्यासाठी त्यांना कोणत्याही सभेला जावे लागत नाही.